गोलाबाहेरचं तेविसावं

“मला माझी बीजं बघायचीत,” त्रिशला मगदूम दारात उभ्या राहून म्हणाल्या, तेव्हा माझ्या तोंडात अख्खा शेंगदाण्याचा लाडू होता.

लॅबमध्ये खायला बंदी होती. ती मीच घातली होती आणि दारावर तशी पाटीही मीच लावली होती. त्यामुळे लाडू गिळेपर्यंत मला बोलता येईना. मी हातानेच ‘आत या’ अशी खूण केली. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि देवळात यावं तशा जपून आत आल्या.

१९९७ सालची गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटलीत वाढणारं बाळ यायचं. डॉ. सबनिसांच्या सेंटरमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझी लॅब होती. लॅब म्हणजे एक मायक्रोस्कोप, एक कुरकुरणारा एसी, औषधांच्या बाटल्यांचं एक कपाट आणि मी. मी कालिंदी शिंत्रे, वय सत्तावीस, एम.एस्सी. जेनेटिक्स, विद्यापीठात पहिली. ही शेवटची गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

काम असं होतं. खाली सर एखाद्या बाईची बीजं काढायचे आणि नवऱ्याच्या शुक्राणूंबरोबर ठेवायचे. फळलेली बीजं तिच्या पोटात परत जायची. फळली नाहीत ती, तिची सही घेऊन, माझ्याकडे वर यायची. ती मी काचेच्या पट्टीवर पसरायची, रंगवायची आणि त्यांतली गुणसूत्रं मोजायची. आईच्या बीजात तेवीस असतात, बापाकडून तेवीस येतात. बीजात एक कमी किंवा एक जास्त असलं, तर गर्भ बहुतेक वेळा धरतच नाही आणि धरलाच तर टिकत नाही. न फळलेली बीजं मोजली की त्या बाईच्या बाकीच्या बीजांचाही थोडा अंदाज यायचा.

मगदूमबाईंनी ‘बीजं’ म्हटलं. बाकीच्या बायका सरळ ‘अंडी’ म्हणायच्या. मगदूम मंडळी जैन, त्यांच्या घरात तो शब्दच उच्चारायचा नाही. पहिल्या भेटीत सर “तुमची अंडी” म्हणाले, तेव्हा सासूबाई पदर नाकाला लावून केबिनबाहेर जाऊन बसल्या होत्या. तेव्हापासून अख्खं सेंटर त्यांच्यापुढे शब्द जपून वापरत होतं.

“रिपोर्ट चार वाजता आहे ना?” मी कसाबसा लाडू खाली ढकलत विचारलं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

“रिपोर्ट काय हाय ते मालकांना फोनवर कळलंय. बीजातच खोट हाय म्हणून.” त्या माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. “मालक आणि आक्का चारला जीपनं येणार. मी मुद्दाम आदीच्या एस्टीनं आलो. अकरा वर्षं झाली लग्नाला. अकरा वर्षं माझ्यात खोट हाय असं ऐकतोय. एकदा दिसू तरी दे मला ती.”

आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी ऐकतो’ असंच बोलतात. मीही घरी तशीच बोलते. लॅबमध्ये मात्र मी पुणेरी होते.

नियमाप्रमाणे पेशंटला लॅबमध्ये घ्यायचं नव्हतं. पण आजवर एकाही बाईने हे मागितलं नव्हतं. आणि लाडवाच्या भानगडीमुळे मी जरा नरमलेली होते. रिपोर्ट काय आहे हे मला माहीत होतंच. तो मीच लिहिला होता. त्यांची दुसरी खेप फसल्यावर सहा बीजं माझ्याकडे आली होती. एक वाचता आलं नाही. उरलेल्या पाचही बीजांत गुणसूत्रं बावीस होती. पाचपैकी पाच! सर चार वाजता सांगणार होते की तुमच्या बीजांवर आता आशा ठेवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या बाईचं बीज घ्या किंवा थांबा. दुसऱ्या बाईचं बीज सासूबाई घरात येऊ देणार नव्हत्या. म्हणजे थांबाच.

मी पहिली स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली, तेलाचा थेंब टाकला, लेन्स जुळवून दिली. “डोळा जवळ आणा. आधी काही दिसणार नाही. नव्या माणसाला स्वतःच्याच पापण्या दिसतात.”

त्यांना पापण्या दिसल्या नाहीत. “ही जांभळी?” त्यांनी लगेच विचारलं.

“तीच. हजार पटीने मोठी दिसतायत.”

त्या लेन्सवर आणखी वाकल्या. उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू आपटत होत्या. मला वाटलं, रडू आवरतायत. मी पाण्याचा ग्लास भरून आणला.

“बावीस,” त्या म्हणाल्या.

ग्लास माझ्या हातातच राहिला. गुणसूत्रं मोजणं म्हणजे गोट्या मोजणं नव्हे. ती वाकडीतिकडी पडतात, एकमेकांवर चढतात. पहिल्या वर्षी मला एका स्लाइडला अर्धा तास लागायचा, तोही कागदावर चित्र काढून.

“हितं वर दोघं एकावर एक पडल्यात,” त्या लेन्समधून नजर न काढता म्हणाल्या. “एकच वाटतंय, पण दोन हाईत.”

“तुम्हाला कसं जमलं हे?”

“मेंडिंग करतो की मी. आठ माग हाईत आमचे. उतरलेलं कापड टेबलावरनं ओढत बगायचं. कुठं तार तुटलीया, कुठं दोन एकत्र गेल्यात. बारावी झाल्यावर लग्न केलं, तवापास्नं तेच करतोय.” मग त्यांनी मान वर केली. “आणि तेविसावं?”

“ते नाहीये. तेच तर रिपोर्टात आहे.”

“न्हाई म्हंजे गेलं कुठं?”

“कुठेही गेलं नाही. बीजात आलंच नाही.” मी शिकवायच्या आवाजात सुरू झाले. मला तो आवाज फार आवडायचा. “बीज पिकताना त्याच्या ऐवजाची वाटणी होते. निम्मी गुणसूत्रं आत राहतात, निम्मी बाहेर टाकली जातात. वाटणीत कधी चूक होते. एखादं चुकून बाहेरच्या वाट्यात जातं.”

“मग कधी उलटं बी हुईत असंल. बाहेरचं आत ऱ्हायलं, असं.”

“होतं ना. मग चोवीस होतात.”

“माझ्यात चोवीसचं एक बी न्हाई?”

“नाही.”

“आणि बाकीच्या बायकांच्यात?”

हा आकडा मला झोपेतही पाठ होता. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या परिषदेत सर आमचा निबंध वाचणार होते. “एकूण एकसष्ट बीजं मोजली. सतरांत कमी निघाली. दोनांत जास्त.”

“सतरांत कमी आणि दोनांतच जास्ती?” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “वाटणी चुकतीया म्हंजे दोन्ही बाजूंनी चुकाय पायजे न्हवं? घरातल्या वाटणीत सतरा येळा एकाच भावाला कमी मिळालं, तर त्याला चूक म्हणत न्हाईत.”

मी हसले. हसले, पण हसू अर्ध्यावर थांबलं.

“आमच्या शेडमध्ये कापडात तार कमी दिसली की जॉबर काय म्हणतो माहीत हाय का? मुळात बीमवर, ताणा गुंडाळतानाच कमी होती. दर खेपेला हेच. आणि बगाय गेलं की तार तिथंच बाजूला लोंबत असती. मागाची दुरुस्ती त्याच्याकडं, मग चूक कशी म्हणंल?”

“त्रिशलाताई, हे कापड नाहीये.”

“न्हाईच की. मी आपलं विचारलं.” त्यांनी दुसरी स्लाइड उचलून खिडकीकडे धरली. “हा गोल कसला वो काचंवर?”

तो गोल मीच काढलेला. बीज इतकं बारीक की काचेवर ठेवल्यावर सापडणार नाही, म्हणून हिऱ्याच्या टोकाच्या पेनने खालून गोल ओढून ठेवायचा. “बीज कुठे आहे ते कळावं म्हणून. आम्ही गोलाच्या आतलंच मोजतो.”

“आणि बाहेरचं?”

“बाहेर धूळ असते, रंगाचे डाग असतात. ते चुकून मोजले जाऊ नयेत म्हणून बाहेर बघायचंच नाही. नियम आहे.”

त्यांनी स्लाइड होती तशी जागेवर ठेवली, चष्म्याच्या दुकानात काच ठेवावी तशी. “बरं. मी खाली बसतो. तुमचं जेवण ऱ्हायलं असंल.” आणि लाडवाच्या डब्याकडे एक नजर टाकून त्या गेल्या.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. विद्यापीठात पहिली आलेल्या बाईला कापड तपासणाऱ्या बाईने अक्कल शिकवावी! मी दुसरा लाडू खाल्ला. मग त्यांना चुकीचं ठरवावं, एवढ्याच हेतूने, पहिल्या स्लाइडवरचं तेल पुसलं, लेन्स बदलली आणि गोलाच्या बाहेर बघायला लागले.

इथे माझ्या फुंकरीबद्दल सांगायला हवं. बीज काचेवर ठेवलं की त्यावर मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडचे थेंब सोडतात. बीज फुटून सपाट होतं. नेमक्या त्या क्षणी वरून एक हलकी फुंकर घातली की गुणसूत्रं सुटी होऊन पसरतात आणि मोजायला सोपी जातात. ही फुंकर सगळेच घालायचे, पण माझ्यासारखी कुणाचीच नव्हती. पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम वर आणायचे. “आमच्या शिंत्रेंची फुंकर बघा!” म्हणायचे. मी मान तिरकी करून फुंकायची आणि पाहुणे वाहवा करायचे. माझ्या स्लाइडी खरंच सुरेख असायच्या. प्रत्येक गुणसूत्र वेगळं, रांगोळीतल्या ठिपक्यासारखं. जितकी फुंकर जोरात, तितकी स्लाइड देखणी. आणि कौतुक होत गेलं तशी माझी फुंकर जोरात होत गेली.

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग एक पट्टा खाली सरकून परत. शेत नांगरतात तसं मी ती काच नांगरली. धूळ. डाग. एक कापसाचा धागा. पंचवीस मिनिटं झाली. आता नसणारच, असं म्हणून मी पुढच्या पट्ट्यावर सरकले, आणि लेबलाच्या अगदी जवळ एक जांभळा ठिपका दिसला.

तेल टाकलं. मोठी लेन्स लावली. धूळ अशी दिसत नाही. दोन आखूड दांड्या, मध्ये जोडलेल्या. सगळ्यांत बारकं गुणसूत्र. हलकं होतं, म्हणून सगळ्यांत लांब गेलं होतं.

दुसऱ्या स्लाइडला हात लावायची मला भीती वाटली, पण लावला. तिथेही ते होतं. लेबलाच्या बाजूला. तिसऱ्या स्लाइडवरही लेबलाच्याच बाजूला. आणि मग मला कळलं, तिन्ही वेळा एकाच बाजूला का. मी बसायची ती उजवीकडे, मान तिरकी करून फुंकायची ती डावीकडे. लेबल डावीकडे असायचं. प्रत्येक स्लाइडवर माझ्याच श्वासाची दिशा होती, आणि मी ती त्या बाईच्या पोटातली खोट म्हणून लिहून, सही करून खाली पाठवली होती.

चौथ्या स्लाइडवर एक डाग सापडला. तो गुणसूत्र असू शकत होता आणि नसूही शकत होता. पाचवीवर काहीच नव्हतं. तोवर सव्वातीन वाजले.

सर केबिनमध्ये परिषदेचे कागद लावत बसले होते. साठीला आलेले, हळू बोलणारे, इस्त्री कधी न मोडणारे. मी त्यांना वर नेलं. त्यांनी तिन्ही स्लाइडी बघितल्या. शेवटच्या स्लाइडवरून डोळा काढायला त्यांना फार वेळ लागला.

“गोलाबाहेरचं मोजायचं नाही, हे ठरलं होतं ना आपलं?”

“नियम तुमचा, सर. फुंकर माझी.”

“म्हणजे सतराच्या सतरा?”

“सगळ्या परत बघाव्या लागतील. सतरा आणि दोन, हे जमतच नव्हतं, सर. वाटणी चुकते तर दोन्ही बाजूंनी सारखीच चुकायला हवी होती. आपल्याला दिसायला पाहिजे होतं.” हे मला कुणी दाखवलं, ते मात्र मी सांगितलं नाही. तेवढा कोतेपणा माझ्यात होता.

ते खुर्चीत मागे टेकले. “शिंत्रे, असं बघा. पाचांतल्या दोनांत तरी तुम्हाला सापडलं नाही. म्हणजे ‘बीजात दोष आढळला’ हे वाक्य काही खोटं ठरत नाही. आजचा रिपोर्ट जाऊ दे. परिषद होऊ दे. मग आपण निवांत सगळं परत बघू.”

मला ते वाक्य पटवून घ्यायचा मोह झाला. तीस सेकंद तरी झाला. हैदराबादच्या निबंधावर माझंही नाव होतं, आणि ते छापलेलं माझ्या वडिलांनी शेजारीपाजारी दाखवूनही झालं होतं.

“त्या दोनांचं मला माहीत नाही, सर. कमी आहेत आणि माहीत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“पेशंटला काय सांगणार मग? शिंत्रेबाईंनी फुंकून घालवलं?”

“हो. तसंच झालंय.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “ठीक आहे. चार वाजता केबिनमध्ये या. मी एक अक्षर बोलणार नाही. तुम्हीच सांगा.” ही शिक्षा होती, आणि ती तशीच ऐकवलेली होती.

चार वाजता केबिनमध्ये तीन खुर्च्या भरलेल्या होत्या. भरतेश मगदूम, अंगाने भरलेला, कमी बोलणारा माणूस, मांडीवर हात ठेवून बसलेला. शेजारी आक्का, म्हणजे त्रिशलाताईंच्या सासूबाई, पांढऱ्या लुगड्यात. आणि कडेला त्रिशलाताई, कुणीच न सांगता कडेला बसलेल्या.

मी तोंड उघडायच्या आत आक्काच बोलल्या. “डॉक्टर, खोट हाय तर हाय. देवानं दिली, तिचा काय इलाज? आता पोरीला आणि सुया टोचू नगासा.” आवाजात राग नव्हता. मायाच होती. अकरा वर्षं त्या घरात ‘खोट’ हा शब्द असा मायेनेच बोलला जात असणार, आणि म्हणूनच त्याला उत्तर देता येत नसणार.

“आक्का, रिपोर्ट चुकलाय,” मी उभ्यानेच म्हणाले. “चूक माझी आहे.”

मग मी सगळं सांगितलं. थेंब, फुंकर, गोल, गोलाबाहेरचं तेविसावं. सर टेबलावरचा पेपरवेट बघत होते.

“म्हंजे बीजं चांगली हाईत?” भरतेशनी विचारलं.

“तीन चांगली आहेत, हे छातीवर हात ठेवून सांगते. दोनांचं सांगता येत नाही.”

“चांगली हाईत, तर फळली का न्हाईत?” आक्का म्हणाल्या.

“ते आम्हाला माहीत नाही.”

“अग्गंबाई! मग तुमास्नी माहीत तरी काय हाय?”

सरांना ठसका लागला. मला हसू आलं असतं, पण त्रिशलाताई माझ्याकडे बघत होत्या, दुपारी मायक्रोस्कोपमध्ये बघत होत्या तशाच, पापणी न हलवता.

“आणि एकदा म्हणा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पयल्यांदा म्हणालात ते. चूक कुणाची?”

“माझी.”

त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि मोठ्याने रडल्या. भरतेशना हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी एक हात बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मग काढला, मग परत ठेवला. आक्का तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्रिशलाताईंनी डोळे पुसले.

“अकरा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर, वैद्य, नातेवाईक, सगळ्यांनी बगितलं. आज पयल्यांदा कुणीतरी चूक आपल्या अंगावर घेतली, वो.”

मग आक्कांनीच, इतक्या हळू की मला अंदाजाने समजून घ्यावं लागलं, सुनेला विचारलं, “आणि एकदा बगायचं का मग? तू म्हणशील तसं.”

“बगू या,” त्रिशलाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “पण बाई, ह्या खेपेला फुंकर मारायची न्हाई. आणि ऱ्हायलेली बीजं मोजाय मी येणार.”

मी सरांकडे बघितलं. सरांनी पेपरवेट खाली ठेवला. “येऊ द्या,” ते म्हणाले.

हैदराबादचा निबंध सरांनी त्याच संध्याकाळी तार करून मागे घेतला. पुढे तीन आठवडे ते माझ्याशी ‘हं’ याखेरीज काही बोलले नाहीत. मी तेवढ्या वेळात सगळ्या सतरा स्लाइडी कडेपासून कडेपर्यंत नांगरल्या. अकरांतलं हरवलेलं सापडलं, सगळं लेबलाच्या बाजूला. त्यांतली तीन त्रिशलाताईंची; उरलेली आठ ज्यांची होती, त्या बायकांना सरांनी स्वतः पत्रं लिहिली. वर्षभराने आम्ही दुसराच निबंध वाचला: स्लाइड करताना गुणसूत्रं कशी हरवतात, यावर. त्यात सरांनी माझं नाव आपल्या आधी घातलं. माणूस मोठा होता. त्या दिवशी साडेतीन वाजता तो लहान झाला होता, पण मीही काही कमी लहान झाले नव्हते. सतरा आणि दोनांचा हिशेब माझा नव्हे, त्रिशलाताईंचा, हे मी त्यांना सांगितलं ते थेट त्या निबंधाच्या वेळी.

वाचणाऱ्याला आता वाटत असेल, त्रिशलाताईंना मूल झालं. मलाही फार वाटत होतं, मी त्यासाठी अंबाबाईला जाऊनही आले होते. झालं नाही. तिसऱ्या खेपेला नऊ बीजं मिळाली, चार फळली, तीन पोटात ठेवली, एकही धरलं नाही. उरलेली पाच माझ्या टेबलावर आली. मी गोल काढला नाही. फुंकलं नाही, नुसता श्वास रोखून थेंब सोडले. त्रिशलाताई एस्टीने आल्या, चपला बाहेर काढल्या आणि स्टुलावर बसल्या. तेवीस. तेवीस. तेवीस. चौथ्याला त्या थांबल्या, बोट मांडीवर दोनदा आपटलं.

“चोवीस,” त्या म्हणाल्या. “हे बगा. हे खरं हाय. हे तुमी केलेलं न्हाई.”

“नाही,” मी म्हटलं. “हे निसर्गाचं.”

“मग माझी हरकत न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पाचवी स्लाइड मागितली. त्या रडल्या ते पाचवी मोजून झाल्यावर, आणि तेव्हा मी लॅबच्या दाराला कडी लावून त्यांच्या शेजारी बसले. कितीतरी वेळ बसलो होतो आम्ही.

पंधरा दिवसांनी सोमवारी सकाळी त्या परत दारात. हातात डबा.

“आता काय?” मला काळजी वाटली.

“काय न्हाई. आणि किती स्लाइडी ऱ्हायल्यात तुमच्या मोजायच्या?”

तेव्हापासून त्या आठवड्यातून दोन दिवस यायला लागल्या, मग तीन, मग रोज. मी स्वतःची लॅब काढली तेव्हा पहिली खुर्ची त्यांची मांडली. आमच्याकडे प्रत्येक स्लाइड दोनदा मोजतात. पहिला आकडा माझा किंवा मुलींपैकी कुणाचा. दुसरा आकडा ज्या सहीने जातो, ती टी. बी. मगदूम ही सही आज या भागातल्या सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. डॉक्टरीण समजून लोक त्यांना पत्रं लिहितात. दोन आकडे जुळले नाहीत, तर त्यांचा धरायचा. हा नियम मीच घातलाय, आणि लाडवाचा नियम मोडला तसा हा मी कधी मोडलेला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक नवी मुलगी कामाला लागली. हुशार आहे, विद्यापीठात पहिली आलीय, आणि ते ती विसरू देत नाही. तिसऱ्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, सगळीकडे स्लाइडवर गोल काढतात. आपल्याकडेच का नाही?”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात पलीकडच्या मायक्रोस्कोपवरून, डोळा न हलवता, त्रिशलाताई बोलल्या.

“ह्या बाईंनी एकदा माझी तीन हरवलीवती.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. “मग?”

“मग काय? कबूल केलं,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या स्लाइडसाठी हात पुढे केला.